पॅनेलखालची येळवस

शनिवारी लातूरला घरी गेलो की चहाच्या टपरीवर मित्र वाटच बघत असतात. "बोल बिरादार, या हप्त्यात काय झालं?" जणू मी सोलर प्लांटवर नोकरीला नाही, एखाद्या फडात सोंगाड्या म्हणून लागलोय. त्यांना वाटतं, मी किस्से रचतो. अहो, रचायला वेळ कुणाला आहे! पॅनेलवर धूळ बसते तसे ते बसतात. आज पुसावेत, उद्या सकाळी पुन्हा तेवढेच.

तर प्लांट आहे कंधार तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की आमच्या सरपंच कमलबाईंचा फोन येईल आणि तो फोन लवकर संपत नाही. माझं पद 'कम्युनिटी रिलेशन्स मॅनेजर'. म्हणजे कंपनीचं म्हणणं गावाला सांगायचं, गावाचं कंपनीला सांगायचं आणि दोन्हीकडून बोलणी खायची. माळावरची जमीन गावकऱ्यांची, कंपनीनं भाड्यानं घेतलेली. त्यावर नजर पोचेल तिथवर पॅनेलं. तयार झालेली वीज उंच टॉवरवरच्या तारांनी निघून जाते, मुंबईकडच्या एका डेटा सेंटरच्या नावानं. गावातल्या खांबांवरच्या तारा वेगळ्या. त्यांच्यात करंट येतो, पण त्याच्या मर्जीनं.

आमचे साइट हेड सबनीस साहेब पुण्याचे. मनानं फार चांगले. चांगल्या मनाचा माणूस डोक्याला किती ताप देऊ शकतो, हे मला इथं आल्यावर कळलं.

*

पहिली ग्रामसभा अजून डोळ्यांसमोर आहे. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकलेली. सबनीस साहेब लोकांना समजावून सांगत होते की डेटा सेंटर म्हणजे काय.

"तुम्ही मोबाइलवर फोटो काढता ना? लग्नाचे, बारशाचे? ते सगळे फोटो एका मोठ्या इमारतीत ठेवलेले असतात. त्या इमारतीची वीज एक क्षणही जाऊन चालत नाही. तिथं चोवीस तास लाइट, चोवीस तास एसी."

मग ज्ञानोबामामा उठले. यांची जमीन प्लांटच्या अगदी मधोमध गेलेली.

"सायेब, म्हंजी माझ्या नातीच्या बारशाचा फोटू हाय, त्याला चोवीस तास करंट हाय?"

"हो मामा!"

"अन एसी बी हाय?"

"आहे ना!"

कमलबाई आतापर्यंत पदर सावरून मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग साहेब, आमाला समद्यांलाच त्या फोटूत राहायला धाडा."

सबनीस साहेब मनापासून हसले आणि हसता हसता विचारून बसले की गावाला नेमकं काय हवंय. कमलबाईंनी एकच गोष्ट मागितली. गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर शेतीच्या लाइनीवर आहे. थ्री-फेज करंट आला तरच मोटर चालते, मोटर चालली तरच टाकीत पाणी. करंट आज सकाळी, उद्या भर दुपारी, परवा कधी ते देवाला ठाऊक. बायामाणसांचा सगळा दिवस त्याच्या मागं. तेव्हा विहिरीवर एक सोलर पंप बसवून द्या, बाकी आम्हाला काही नको.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दिला! पंप दिला, समजा."

गावानं तसं समजून घेतलं. तेव्हापासून मी जिथं दिसेन तिथं कमलबाई मला एकच विचारतात, "बिरादार, आमी समजून बसलोत. पुढं?"

*

पुढं काय झालं, तर हेड ऑफिसनं पंपाचा प्रस्ताव परत पाठवला. कारण काय? म्हणे यात नावीन्य नाही! पंप सगळेच देतात. आपल्या कंपनीनं काहीतरी वेगळं द्यावं, जे बघून लोक थांबतील.

मग ट्रकातून 'सोलर झाड' आलं. लोखंडी खोड, लोखंडी फांद्या, पानांच्या जागी छोटी पॅनेलं. खाली गोल बाक आणि मोबाइल चार्जिंगचे सॉकेट. ते नेमकं पारापुढं उभं केलं. उद्घाटनाला फीत, नारळ, पेढे सगळं झालं. लोक थांबून बघत होते, तेवढं मात्र खरं.

उन्हाळ्याचे दिवस होते. साहेबांनी कौतुकानं कमलबाईंना विचारलं, "कसं वाटलं आमचं झाड?"

कमलबाईंनी त्या बाकाला हात लावून बघितला आणि झटक्यात काढून घेतला. "चांगलं हाय की साहेब. सावली तेवढी विसरली बसवायची."

पुढच्या आठवड्यात त्या झाडाला एक म्हैस बांधलेली होती. हेड ऑफिसनं झाडाचे फोटो मागितले होते म्हणून मी म्हशीसकट काढला आणि पाठवून दिला. वाटलं, बघतील तरी काय दशा आहे. तर तो फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापून आला! खाली ओळ होती, 'निसर्ग आणि तंत्रज्ञान यांचं सहजीवन.' मी ते कॅलेंडर म्हशीच्या मालकाला नेऊन दाखवलं. त्यानं ते बराच वेळ निरखलं आणि नाराज झाला.

"म्हशीचं नाव टाकलं न्हाई यांनी," तो म्हणाला.

*

आमच्या गेटवर ज्ञानोबामामांना सिक्युरिटीत घेतलं होतं. स्थानिकांना रोजगार, हे आमच्या धोरणात मोठ्या अक्षरांत आहे. म्हणजे मामा स्वतःच्याच रानाची राखण करायचे, फक्त आता गणवेशात. साहेबांनी त्यांना पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "मामा, पास असल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

एक दिवस मामी त्यांची भाकरी घेऊन आल्या. मामा गेटात आडवे उभे.

"पास हाय का?"

"कशाचा पास? भाकर आणलीय तुमची."

"भाकरीला पास लागत न्हाई, माणसाला लागतो."

मामी भडकल्या. "सातबाऱ्यावर माझं बी नाव हाय या रानाच्या!"

"सातबारा हितं चालत न्हाई."

मामींनी डबा गेटबाहेरच्या दगडावर आदळला आणि निघून गेल्या. हा किस्सा ऐकून साहेब इतके खूश झाले की आठवड्याच्या मीटिंगमध्ये मामांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. असा गार्ड दुसऱ्या कुठल्या साइटवर दाखवा म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेब सुट्टीवरून थेट साइटवर आले. पास पुण्याला, दुसऱ्या शर्टच्या खिशात. भर दुपारची वेळ. मी धावत गेटवर पोचलो तेव्हा साहेब डोक्यावर लॅपटॉपची बॅग धरून उन्हात उभे होते आणि मामा खुर्चीवर शांत बसलेले.

"अहो मामा, मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"हाव की. पर तुमचं तर सातबाऱ्यावर बी नाव न्हाई."

*

साहेबांचा मुक्काम कंधारच्या गेस्ट हाउसवर. एका सकाळी मला फोन. आवाज असा की मी घाबरलोच.

"बिरादार, मी पूर्ण साबण लावलेला आहे आणि लाइट गेलीय! टाकीत पाणी नाही, मोटर चालत नाही. अरे, आपण एवढी वीज बनवतो आणि मला एक बादली पाणी मिळू नये?"

माझ्या ओठांवर आलं होतं की साहेब, डेटा सेंटरला जाऊन अंघोळ करा, तिथं लाइट कधीच जात नाही. पण नोकरी आहे. मी गफूरभाईंना फोन लावला. गफूरभाई कंधारचेच, त्यांची जीप कंपनीकडं भाड्यानं आहे. आजोबांपासून त्यांच्या घरात गाडीचाच धंदा, आणि ते कशालाही चकित होत नाहीत. कुठून तरी दोन कॅन पाणी भरून ते गेस्ट हाउसवर पोचले आणि दार वाजवून बाहेरूनच म्हणाले, "सायब, पाणी लाया. पर एक अर्ज हाय. निस्तं अंगावर घेऊ नका. जरा याद बी करा, कमलबाई रोज कशी करत असंल."

साहेबांनी त्या दिवशी खरोखर पंपाचा प्रस्ताव पुन्हा पाठवला. साबणाचा एवढा उपयोग मी तरी आयुष्यात पाहिला नव्हता.

*

प्रस्ताव गेला तर हेड ऑफिसनं आधी सर्व्हे करायचं ठरवलं. गाव किती समाधानी आहे, ते मोजणार. हैदराबादहून एक पथक आलं. हातात टॅबलेट. प्रश्न असे की मला स्वतःला दोनदा वाचावे लागले. 'नवीकरणीय ऊर्जेमुळे आपल्या जीवनमानात झालेल्या बदलाबाबत आपण एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल?'

पारावर बाया गोळा केल्या. सुरुवात बरी झाली. पहिल्या बाईनं प्रश्नाचा अर्थ विचारला, गफूरभाईंनी तो आपल्या पद्धतीनं सांगितला, "कंपनीमुळं तुझं भलं झालं का वाटोळं, ते बोटांवर दाखव." बाई विचार करायला लागली. मला वाटलं, चला, आता खरं काय ते वर जाईल.

आणि तेवढ्यात करंट आला!

विहिरीवरच्या मोटरीचा आवाज पारापर्यंत येतो. तो आला आणि सगळ्या बाया एकदम उठल्या. सर्व्हेवाले आडवे आले, "ताई, एवढं एक सांगून जा, फक्त आकडा!"

"पाच घे बाबा, पाच! सोड, पाणी आलं!"

"माझे बी पाच!"

"हिचे, माझे, माझ्या सासूचे, समद्यांचे पाचच लिव्ह!"

पार रिकामा झाला. सर्व्हेवाले खूश. असा निकाल त्यांना कुठंच मिळाला नव्हता म्हणे. मी जीव तोडून सांगितलं की अहो, त्या पाण्यासाठी पळाल्या, हे गुण तुमचे नाहीत. त्यांनी सांगितलं, कारण लिहायला टॅबलेटमध्ये जागा नाही.

हेड ऑफिसचं उत्तर आलं, गाव पूर्णपणे समाधानी असल्यामुळे पंपाची आवश्यकता दिसत नाही. मला त्या दिवशी खरंच राग आला. जेवण गेलं नाही. आणि हे कमलबाईंना सांगायला अर्थातच मीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हंजी पाणी आलं म्हणून पाणी न्हाई मिळणार. बरं."

*

पॅनेलं धुवायला टँकर यायचा, त्याचंही असंच. धुतलेलं पाणी पॅनेलच्या खालच्या कडेवरून ओघळायचं. करंट नसला की बाया तिथं घमेली, बादल्या लावायच्या. भांड्याकुंड्यांना, म्हशीला तेवढंच. मामा तेव्हा पास विचारायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "चष्मा घरी राहिला."

साहेबांनी हे एकदा पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की मी आधीच बोलणी खायच्या तयारीला लागतो. त्यांनी हेड ऑफिसला कळकळीनं कळवलं की गावात पाण्याची टंचाई असताना आपण पॅनेल धुण्यात पाणी घालवतो, हे बरोबर नाही.

हेड ऑफिसला ते लगेच पटलं. महिनाभरात ब्रशवाली यंत्रं आली. कोरडीच सफाई करतात, पाण्याचा थेंब लागत नाही. टँकर बंद. बायांच्या बादल्या रिकाम्या.

साहेब आनंदानं कमलबाईंना सांगायला गेले, "बाई, आपण तुमच्या गावासाठी केवढं पाणी वाचवलं!"

"वाचवलं का? मग ठेवलंय कुठं?" कमलबाईंनी विचारलं. "सांगा, घागरी घेऊन येते."

*

आणि मग यंदाची येळवस.

आमच्या लातूर-नांदेडकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला माणूस घरात सापडत नाही. वेळ अमावस्या, आम्ही म्हणतो येळवस. लातूरच्या बाजारपेठेत त्या दिवशी कुत्रं भेटत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि मग हिरव्या दाण्यांची घट्ट भज्जी, भाकरी, पिठाचे वाफवलेले उंडे, खीर, आणि सगळ्यांत महत्त्वाची आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, त्यात पाणी घालून मडकं भरायचं. रानात जो येईल, ओळखीचा असो की वाटसरू, त्याला जेवू घालायचं आणि आंबील पाजायची. आंबील प्यायल्याशिवाय पाहुणा रानाबाहेर जात नाही. हे मी लिहून सांगायला नको, इकडच्या पोराटोरांना माहीत आहे.

ज्यांची रानं पॅनेलखाली गेली, त्यांचं म्हणणं एवढंच की येळवस आम्ही आमच्याच रानात करणार. साहेबांना मी अर्ध्या तासात पटवलं. पटवायला सोपं गेलं, कारण डेटा सेंटरच्या एक मोठ्या मॅडम त्याच दिवशी मुंबईहून प्लांट बघायला येणार होत्या. साहेबांचे डोळे चमकले. "बिरादार, लोकल कल्चर! पॅनेलच्या मधोमध! याहून चांगलं काय दाखवणार आपण?" फक्त सेफ्टी म्हणजे सेफ्टी, हेल्मेट सगळ्यांना.

त्यामुळं त्या सकाळी दृश्य असं होतं. पॅनेलच्या दोन ओळींमध्ये कडब्याची कोप. बाया डोक्यावर आधी पदर, पदरावर पिवळं हेल्मेट, हेल्मेटवर चुंबळ आणि चुंबळीवर भज्जीचं पातेलं, अशा रांगेनं येत होत्या. मामांनी गणवेश काढून धोतर-फेटा घातला होता, वर हेल्मेट. आज ते गार्ड नव्हते, मालक होते. पण गेटची किल्ली त्यांच्याच कंबरेला होती.

गफूरभाईंनी मॅडमना नांदेडहून आणलं. साधा ड्रेस, मराठी बोलणाऱ्या, वागायला मोकळ्या. बरोबर गेलेल्या साहेबांनी वाटेत त्यांना आंबिलीचं वर्णन करून ठेवलेलं. मॅडमनी कोपीपुढं हात जोडले, घोंगडीवर बसल्या. कमलबाईंनी स्वतः वाढलं. बाजरीची भाकरी, भज्जी, वर ठेचा. मॅडम आवडीनं जेवल्या. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबल्या नाहीत.

"ती आंबील द्या ना आता," त्या म्हणाल्या. "खूप ऐकलंय."

कमलबाई म्हणाल्या, "आंबील न्हाई."

मी चमकलो. येळवस आणि आंबील नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कोपीतल्या मडक्यात डोकावलो. हळदीकुंकू लावलेलं, वर फडकं बांधलेलं, तळाशी नुसतं आंबवलेलं घट्ट पीठ.

"पीठ हाय, ताक हाय," कमलबाई शांतपणे सांगत होत्या. "पाणी न्हाई. होतं ते सैपाकात गेलं, कालपासनं करंटच आला न्हाई. करंट आला की मोटर चालंल. मोटर चालली की पाणी, पाणी आलं की आंबील. बसा तुमी निवांत."

मॅडमनी उजवीकडं पाहिलं. पॅनेलं. डावीकडं पाहिलं. पॅनेलं. मग सबनीस साहेबांकडं पाहिलं.

साहेब घाईघाईनं उठले. "मॅडम, गाडीत बाटल्या आहेत पाण्याच्या. आणि गेटच्या पलीकडं कंट्रोल रूम बघायचीय, प्रेझेंटेशन आहे..."

"मामा, गेट," मी पुटपुटलो.

ज्ञानोबामामा जागचे हलले नाहीत. कंबरेच्या किल्लीवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणीला आंबील पाजल्याबिगर रानातून सोडायची रीत न्हाई, सायेब. सातबाऱ्यावर माझं नाव हाय."

पॅनेलं उन्हात तापत होती. इन्व्हर्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मॅडमचे ओठ तिखटानं लाल झालेले. त्यांनी कमलबाईंना विचारलं, "करंट कधी येईल?"

"ते यांला विचारा," कमलबाईंनी साहेबांकडं बोट केलं. "आमच्या गावात करंट हेच बनवतेत."

मॅडमनी डोक्यावरचं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. बूट काढले. घोंगडीवर नीट मांडी घालून बसल्या. गफूरभाई गाडीतून बाटली घेऊन आले होते, त्यांना हातानंच नको म्हणाल्या.

"सबनीस साहेब, बसा तुम्हीही," त्या म्हणाल्या. "मला आज कुठंही जायचं नाही."

साहेब बसले. कमलबाईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि मागं वळून बायांना सांगितलं, "साहेबांना भज्जी वाढा गं. ठेचा जास्त घाला."